पदवी आणि प्रतीक्षा



जून-जुलैचे दिवस वऱ्हाडात वाट पाहण्याचे असतात. शेतकरी पावसाची वाट पाहतो आणि त्याचा मुलगा निकालाची. पाऊस आला म्हणजे काय करायचे, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पऱ्हाटी किती, तूर किती आणि सोयाबीन किती, एवढाच काय तो विचार. निकाल आल्यावर मुलाची स्थिती मात्र याच्या नेमकी उलट असते. तोवर वर्गामागून वर्ग आपोआप समोर येत गेले. दहावीनंतर बारावी, बारावीनंतर पहिले वर्ष. तिसऱ्या वर्षाची गुणपत्रिका हाती पडते आणि आयुष्यात प्रथमच पुढची इयत्ता कोणी नेमून दिलेली नसते. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर कोणी ओळखीचे भेटले की विचारणारच, "काय करून राह्यलं पोट्टं सध्या?" लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न टाळण्यासाठी कित्येक मुले लग्नालाच जात नाहीत.

या प्रश्नाला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक ठरीव उत्तर मिळाले आहे, "स्पर्धा परीक्षेची तयारी करतो." हे उत्तर ऐकले की विचारणारा गप्प होतो, वडिलांची मान ताठ राहते आणि मुलालाही काही काळ स्वस्थता लाभते. 'तयारी' हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात श्रम आहेत, महत्त्वाकांक्षा आहे, देशसेवेचाही गंध आहे. परंतु बऱ्याच घरांतून हा शब्द प्रतीक्षेचे सभ्य नाव होऊन बसला आहे, हे आता स्पष्टपणे बोलले पाहिजे. पदवीनंतरची अनिश्चितता ही आपत्ती नव्हे. ती पूर्वीच्या पिढ्यांच्याही वाट्याला आली होती. त्या काळात हात रिकामे ठेवणे आणि त्या रिकामपणाला मुदत नसणे, ही मात्र आपत्ती आहे. आजच्या विवेचनाचा विषय एवढाच.

'पूर्वी सगळे सोपे होते' असे आजोबा मंडळी नातवंडांना सांगतात. वऱ्हाडचा इतिहास तसे सांगत नाही. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. अमरावतीला आज जी शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, ती 'किंग एडवर्ड कॉलेज' म्हणून निघाली ती १९२३ मध्ये, आणि नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या मुलखाचे स्वतःचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी अस्तित्वात आले. त्याला आज ज्यांचे नाव आहे त्या संत गाडगेबाबांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, ही गोष्ट पदवीदान समारंभात बसलेल्या प्रत्येकाने एकदा तरी मनात आणावी. त्या काळी शिकायचे म्हणजे मुंबई-पुण्याला जायचे. दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८७७ मध्ये पदवीधर झाले. कायद्याची पदवी हाती येण्यास १८८४ साल उजाडले. पुढे वऱ्हाडात मुन्सफाची सरकारी नोकरी लागली. आजच्या भाषेत सांगायचे तर 'सेटल' झाले. आणि १८९० मध्ये ती नोकरी सोडून ते अमरावतीत वकिलीला बसले. १८९७ मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन अमरावतीला भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष म्हणून उभे राहिले ते हेच खापर्डे. लोकमान्यांचे हे वऱ्हाडातील सहकारी मुन्सफ म्हणून निवृत्त झाले असते, तर निवृत्तिवेतन चांगले मिळाले असते, इतकेच.

परंतु या विषयात वऱ्हाडाने ज्यांच्याकडे अधिक निरखून पाहिले पाहिजे ते भाऊसाहेब, अर्थात डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांचे नाव अकोल्याच्या कृषी विद्यापीठावर आहे, अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयावर आहे; पुतळे आहेत, जयंत्या होतात. त्यामुळे त्यांचे आयुष्य आधीपासून आखलेले होते, अशी समजूत होते. वस्तुस्थिती काय होती? २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्म. शिक्षणासाठी गावोगाव फिरत मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९२० मध्ये तेथील पदवी पुरी होण्याआधीच इंग्लंडला निघून गेले. आजच्या एखाद्या घरात मुलाने असे केले तर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना करून पाहावी! तेथे त्यांनी एडिंबरोला एम. ए. केले, शिष्यवृत्ती मिळवली, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डला डॉक्टरेट मिळवली ती वैदिक वाङ्मयातील धर्मविचाराचा उगम आणि विकास या विषयावर. हा प्रबंध पुढे १९३३ मध्ये ऑक्सफर्डनेच प्रसिद्ध केला.

आता येथे थोडे थांबावे. १९२६ मध्ये अमरावतीला परतलेल्या या तरुणाजवळ वेदांचा अभ्यास होता आणि वकिलीची सनद होती. पापळच्या शिवारात यांपैकी कशाचा उपयोग होता? तूर-कापसाला वैदिक सूक्तांचे काय? त्यांचा अभ्यासविषय आणि त्यांचे जीवनकार्य यांचा वरवर पाहता काही मेळ बसत नाही. त्यांनी मेळ बसण्याची वाट पाहिली नाही. वकिली सुरू केली आणि त्याच सुमारास गरीब विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय उघडले. त्याला पैसा कोठून आणला? मुष्टिफंडातून. घरोघरी मूठ-मूठ धान्य जमवायचे आणि त्यावर मुलांचे जेवण चालवायचे. ऑक्सफर्डचा डॉक्टर धान्याच्या मुठी मोजत होता. १९२७ मध्ये अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य बांधवांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. पुढे जिल्हा मंडळाचे काम, मग प्रांताचे मंत्रिपद, १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था, संविधान सभा आणि १९५२ पासून दहा वर्षे देशाचे कृषिमंत्रिपद. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९६९ मध्ये, अकोल्याला कृषी विद्यापीठ उभे राहिले. पदवीच्या विषयाने त्यांना काम दिले नाही. गावात जे काम पडले होते त्याला त्यांनी आपली पदवी जुंपली. वेदाध्ययनाचा उपयोग झाला नाही, असेही कोणी म्हणू नये. मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर धर्माचा आधार घेऊन बोलणाऱ्यांसमोर उभे राहायला धर्मग्रंथ मुळातून वाचलेला माणूसच लागतो.

वऱ्हाडाची शीव ओलांडून नागपूरकडे वळले, तर दुसरे उदाहरण या व्यासपीठावर तरी प्रत्येकाच्या ओठी असायला हवे. श्रीगुरुजींचे चरित्र स्वयंसेवकांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. पण ऐकणारे एम. एस्सी.वरून थेट सरसंघचालकपदावर येतात. मधली वर्षे कोणी मोजत नाही. माधवराव गोळवलकर काशी हिंदू विश्वविद्यालयातून प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाले ते १९२८ मध्ये. संशोधनासाठी मद्रासच्या मत्स्यालयात गेले. आजच्या भाषेत पीएच. डी.ला नाव घातले. घरची आर्थिक ओढ वाढली आणि संशोधन अर्धे टाकून नागपूरला परतावे लागले. १९३१ मध्ये काशीला अध्यापनाचे काम मिळाले; तेही १९३३ मध्ये संपले. पुन्हा नागपूर. मग कायद्याचा अभ्यास, १९३५ मध्ये ती पदवी. नऊ अपत्यांपैकी हा एकटाच मुलगा जगलेला; आई-वडिलांच्या साऱ्या आशा त्याच्यावर. आणि १९३६ मध्ये हा मुलगा बंगालमधील सारगाछीच्या आश्रमात स्वामी अखंडानंदांच्या सेवेला निघून जातो! १९३७ च्या फेब्रुवारीत स्वामीजींनी देह ठेवला आणि तो पुन्हा नागपूरला आला. १९२८ ते १९३७, म्हणजे नऊ वर्षे. प्राणिशास्त्र, अध्यापन, कायदा, संन्यासाची ओढ. शेजारच्या एखाद्या मुलाने असे केले, तर आपण त्याला 'भरकटलेला' म्हणून मोकळे होऊ.

ही नऊ वर्षे रिकामी नव्हती, हे मात्र विसरता कामा नये. काशीतील अध्यापनाच्या दोन-अडीच वर्षांत ते स्वतःच्या विषयापुरते थांबले नाहीत. विद्यार्थ्यांना अडलेले इतर विषयही शिकवत, त्यासाठी आधी स्वतः शिकत. विद्यार्थ्यांनीच प्रेमाने 'गुरुजी' म्हणायला सुरुवात केली. अल्पकाळ टिकलेल्या एका नोकरीने जन्मभराचे नाव दिले. संघाशी त्यांचा संबंध जडला तोही काशीच्याच दिवसांत. मनासारखी जागा मिळेपर्यंत खोलीत बसायचे असे त्यांनी ठरवले असते, तर यातले काय घडले असते?

आणि ज्यांना वाटते की ही थोर माणसे मुळातच हुशार होती, त्यांनी अमरावतीच्याच सुरेश भटांकडे पाहावे. मराठी गझलेचा हा सम्राट बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाला आणि १९५५ मध्ये पदवीधर झाला. लहानपणी पोलिओने पाय अधू केलेला. पदवीनंतर शिक्षकी केली, पुढे पत्रकारितेत गेले. पहिला संग्रह आला १९६१ मध्ये. गुणपत्रिकेवर त्यांचे भवितव्य वाचणाऱ्याला तेव्हा काय दिसले असते, हे सांगायला नको.

ही उदाहरणे ऐकून आजचा तरुण म्हणेल, काळ बदलला आहे. तो बदललाच आहे, आणि म्हणून आकड्यांकडे डोळे उघडून पाहिले पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९ लाख ९२ हजारांवर अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला ५ लाख ८३ हजारांच्या आसपास उमेदवार बसले. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले १४,६२७, मुलाखतीला २,८४५ आणि अखेर शिफारस झाली १,००९ जणांची. निवड झालेल्यांचे सत्कार अमरावती-अकोल्यात झाले पाहिजेत, होतातही. परंतु परीक्षेला बसलेल्या जवळजवळ पावणेसहाशे जणांमागे एकाची निवड होते. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न सत्काराच्या हारांखाली झाकला जातो. राज्यसेवेची कथा आणखी वेगळी. एप्रिल २०२० मध्ये व्हायची पूर्वपरीक्षा महामारीमुळे पुढे पुढे ढकलली जात अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. तीही मुले रस्त्यावर उतरल्यावर. पुढे मुख्य परीक्षेचे स्वरूप बदलून २०२५ पासून ती वर्णनात्मक करण्याचे ठरले. निर्णय कदाचित योग्यही असेल. पण पर्याय निवडण्याचा सराव ज्यांनी चार-पाच वर्षे केला, त्यांना पानेच्या पाने लिहिण्याचा सराव मुळापासून करावा लागला. खुल्या गटासाठी राज्यसेवेची वयोमर्यादा ३८ वर्षांपर्यंत आहे. उमेदवारांच्या मागणीने ती वाढली आणि तिचे स्वागत झाले. पण दार उशिरापर्यंत उघडे राहिले, की उंबरठ्यावर बसून राहण्याचा मोहही वाढतो.

तेव्हा तयारी करू नये काय? अवश्य करावी. राज्यकारभारात ध्येयवादी तरुण गेलेच पाहिजेत. मात्र घरातील भिंतीवर एक तारीख लिहिलेली असावी. दोन प्रयत्न किंवा तीन प्रयत्न, जे ठरेल ते आई-वडिलांसमोर ठरावे आणि त्या तारखेला थांबावे. तयारीच्या काळातही दिवसातले तीन-चार तास अर्थार्जनाचे असावेत. शिकवणी घ्यावी, हिशेब लिहावेत, एखाद्या दालमिलच्या कार्यालयात बसावे. त्याने अभ्यास बुडतो, ही समजूत अभ्यासिकेच्या बाहेर चहा पिण्यात जाणारे तास मोजल्यावर टिकत नाही.

पदव्युत्तर शिक्षणाविषयीही असाच हिशेब हवा. नोकरी मिळत नाही म्हणून एम. ए. किंवा एम. एस्सी.ला नाव घालणे, हा निर्णय नव्हे; निर्णय दोन वर्षे पुढे ढकलण्याची ती युक्ती आहे. विषयाची खरी ओढ असेल तर प्रश्नच नाही. प्राध्यापक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने मात्र प्रवेशाआधी तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एखाद्या अध्यापकाशी तासभर बोलावे. नेट-सेट उत्तीर्ण आणि पीएच. डी.धारक असे कित्येक अध्यापक तासांच्या मानधनावर वर्षानुवर्षे शिकवत आहेत; सुट्टीच्या महिन्यांत त्यांना तेही मिळत नाही. समाजाच्या गुरुस्थानी बसलेल्या माणसांची ही अवस्था ही शासनाच्या शिक्षणविषयक आस्थेवरची कठोर टीका आहे, मग शासन कोणत्याही पक्षाचे असो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेता येते आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर नेटलाही बसता येते, ही २०२४ पासूनची सोय फारच थोड्या पालकांना ठाऊक आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. ती न मिळता केवळ पदवीसाठी संशोधन करायचे असेल, तर घरची ओढ किती वर्षे सोसेल, हे आधी विचारावे. मद्रासहून अर्ध्यात परतावे लागणे आजही कोणाच्याही वाट्याला येऊ शकते.

आता मुलींविषयी. मुलाला तयारीसाठी पाच वर्षे देणारे घर मुलीला पाच महिने देत नाही. तिचा निकाल लागतो आणि 'स्थळ पाहू' ही चर्चा सुरू होते. गुणवत्ता यादीत मुली पुढे असतात आणि पदवीनंतर त्या दिसेनाशा होतात. मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या घरांनी आपल्या लेकीला किती मुदत दिली, हे तपासून पाहावे. मुदत द्यायची तर दोघांनाही सारखी द्यावी. 'लग्नानंतर सासरचे पाहतील' हे उत्तर देणाऱ्या वडिलांनी आपल्या बहिणींची आयुष्ये आठवावीत.

राहता राहिला वऱ्हाडातच राहायचे की पुण्याला जायचे हा प्रश्न. इंग्रजांनी या प्रांतात रेल्वे आणली ती कापूस बाहेर नेण्यासाठी. सरकी काढायची, गाठी बांधायच्या आणि गाडीत घालायच्या. कापड दुसरीकडे विणले जाणार. आज संध्याकाळी अमरावती-अकोल्याहून सुटणाऱ्या पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये पदवीधरांच्या अशाच गाठी भरलेल्या असतात. जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जेथे काम आहे तेथे माणूस जाणारच. पण न जाण्याचाही काही मार्ग आहे काय, हे पाहण्याआधीच तिकीट काढले जाते. नांदगाव पेठ येथील 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. त्या उद्यानाला विणकर लागतील, तसे हिशेबनीस, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि गुणवत्ता तपासणारेही लागतील. ही कौशल्ये आज कोण शिकत आहे? अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, दालमिल आहेत; तूर पिकवणाऱ्याचा मुलगा मात्र तुरीची डाळ कशी होते ते पाहायला कधी गिरणीत गेलेला नसतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तेव्हा पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. रक्कम थोडी आहे, नोकरीची हमी नाही, आणि त्यावर आंदोलनेही झाली. तरी कार्यालयात पत्र कसे लिहितात आणि वेळेवर कसे पोहोचतात हे ज्याने शिकून घेतले, तो अभ्यासिकेतल्या मित्रापेक्षा एक पाऊल पुढे गेला.

जे काम कोणाच्या यादीत नसते, तेही उभे राहू शकते. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तेव्हा व्यायाम शिकवणे ही उपजीविका होईल, असे कोणाला वाटले नसेल. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. मंडळाच्या महाविद्यालयातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले शिक्षक आज ठिकठिकाणच्या शाळांतून काम करत आहेत.

कार्यकर्त्यांसाठी एक काम यातून निघते आणि ते या पावसाळ्यातच सुरू करता येईल. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत प्रत्येक वस्तीत निवृत्त अभियंते, बँक अधिकारी, शिक्षक आणि व्यापारी आहेत. आठवड्यातून एका संध्याकाळी त्यांतील दोघांनी वस्तीतील मंदिराच्या सभामंडपात बसावे आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींनी त्यांच्याकडे यावे. उपदेशासाठी नव्हे. अर्ज कसा करायचा, बँकेचे शैक्षणिक कर्ज कसे मागायचे, कोणत्या गिरणीत किंवा कार्यालयात सहा महिने शिकायला मिळेल, कोणाला हिशेब लिहायला माणूस हवा आहे, एवढेच बोलावे. मुष्टिफंडात घरटी एक मूठ धान्य होते. येथे घरटी आठवड्याचा एक तास मागायचा आहे. वहीत नाव, पदवी, ठरवलेली मुदत आणि सध्या हाती असलेले काम अशा चार रकान्यांची नोंद करावी. पहिल्या संध्याकाळी चौथा रकाना बहुधा रिकामाच राहील. दिवाळीपर्यंत त्यात काय भरले गेले ते त्याच सभामंडपात पुन्हा बसून पाहावे.